बावीस गाडीच्या, एक माझी

मुलुनेशच्या घरात भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला गाडीची किल्ली. गाडी मुलुनेशच्या नावावर. म्हणजे कागदोपत्री. चालवायची मात्र सगळ्या खानदानाने. मुलगा बिरुक न्यायचा, सून हिरुत न्यायची, आणि थोरले दीर तामरात तर किल्ली आपल्याच खिशातून पडली होती अशा थाटात उचलायचे. नात्यातल्या माणसाला गाडी नाही म्हणायचं नसतं. गावाकडे पेरणीला बैल मागितला तर नाही म्हणतं का कुणी?

परिणाम असा की चौदा वर्षांत त्या गाडीच्या नावाने दंडाच्या तेवीस पावत्या जमल्या. मुलुनेशने एकदाही कुणाला विचारलं नाही, ही कुणाची म्हणून. विचारायचं म्हणजे समोरच्याला मान खाली घालायला लावायची, आणि असलं काही हबेशा, म्हणजे तिच्या मुलखातल्या, बाईच्या हातून होत नाही. तिने दंड भरले आणि पावत्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

डबा तसाच बंद राहिला असता. पण मंगळवारी मुलुनेशची या देशाच्या नागरिकत्वासाठी मुलाखत होती, आणि अर्जात एक प्रश्न होता: पोलिसांनी तुम्हाला कधी पकडलंय, अडवलंय, तुमच्या नावाची पावती फाडलीय? अर्ज बिरुकने भरला होता. त्याने बेधडक ‘नाही’ वर खूण केली होती.

रविवारी चर्चच्या तळघरात वकीलबाई सेनाइत यांनी ती खूण पाहिली आणि कपाळावर हात मारला. त्या दर रविवारी तिथे फुकट सल्ला द्यायच्या आणि दर रविवारी कपाळावर हात मारायच्या.

“मुलुनेशताई, कधी म्हणजे कधीही! अहो, असल्या बारक्या दंडापायी कुणाचं अडत नाही. लपवलं की अडतं. मंगळवारी स्वतःच्या तोंडाने दुरुस्त करा. गाडीवर आलेल्या कुठल्या आणि चालवणाऱ्याच्या हातात दिलेल्या कुठल्या, नीट वेगळ्या काढून न्या.”

“आणि अडलं तर?”

“तर आई तिकडे आणि तुम्ही इकडे.”

सगळा खटाटोप त्या आईसाठीच तर चालला होता. मुलुनेश नागरिक झाली की आईला कायमचं आणता येणार होतं. आई ब्याऐंशीची, मायदेशी देब्रे बिरहानच्या थंडीत एकटी राहणारी, आणि दर शनिवारी फोनवर एकच विचारणारी: “मग, आज निघू की उद्या?”

त्याच दुपारी मुलुनेशने सगळ्यांना कॉफीला बोलावलं. ती भिडस्त होती, भोळी नव्हती. त्यांच्यात कॉफीच्या तीन फेऱ्या होतात आणि तिसऱ्या कपात आशीर्वाद असतो, तो घेतल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नसतं. म्हणजे तीन कप होईपर्यंत कुणाला पळता येणार नव्हतं. तिने हिरवे दाणे भाजले, ते धुरकट भांडं वास घ्यायला प्रत्येकाच्या नाकाशी नेलं, पहिला कप ओतला, आणि नेहमीच्या लाह्यांच्या परडीऐवजी मधोमध बिस्किटाचा डबा ठेवला.

“वा, बिस्किटं!” तामरात म्हणाले आणि झाकण काढून बसले.

आत पावत्या दिसल्यावर त्यांनी झाकण परत लावायला घेतलं.

“माझ्या आईसाठी विचारतेय,” मुलुनेश म्हणाली. लाजेने तिचेच कान तापले होते. “रागावणार कुणावर नाही. रविवार, सकाळी सव्वासात. पंचवीस मैलांच्या मर्यादेत एकोणचाळीस. कॅमेऱ्याने धरलंय.”

बिरुकने कपात तोंड घातलं. “माझी असेल.”

“रविवारी सकाळी तर तू चर्चमध्ये ढोल वाजवतोस.”

“तिकडेच चाललो होतो, आई. उशीर झाला होता म्हणून जरा जोरात.”

“हा रस्ता समुद्राकडे जातो,” हिरुत म्हणाली.

“मासे धरायला गेलो होतो. झालं समाधान?”

“आणि मासे कुठायत?”

“एकही लागला नाही. गळाला बूट लागला.”

हिरुत इतकी हसली की तिच्या कपातली कॉफी बशीत आली. तिला हसू आवरण्याआधीच मुलुनेशने चार पावत्या पत्त्यांसारख्या मांडल्या. चारही गुरुवारच्या, चारही एकाच जागेच्या, आग विझवायच्या नळासमोर गाडी लावल्याच्या.

“गुरुवार तर तुझ्या गुडघेदुखीचा ना गं?” बिरुकने विचारलं.

“त्याचाच व्यायाम,” हिरुत म्हणाली. मग तिने शाल बाजूला टाकली. “नाच शिकतेय मी. जोडीचा नाच. काय करायचं ते करा.”

“आणि जोडीला कोण?”

“एक सत्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमास्तर. तुझ्यापेक्षा बरे नाचतात. आणि ते निदान वेळेवर तरी येतात.”

दुसरी फेरी झाली. पावत्या भराभर निकाली निघत होत्या. एरवी जे कुणी जन्मात कबूल केलं नसतं, ते आता एकमेकांवर कुरघोडी करत सांगितलं जात होतं. उरले फक्त तामरातभावजी. उपास कसा करावा, किती करावा, आणि दुसरे कसा करत नाहीत, यावर त्यांची वर्षभर प्रवचनं चालत. मुलुनेशने पुढची पावती अगदी हळू उचलली.

“भावजी, मला वाचवत नाही हो. बिरुक, तू वाच.”

“शुक्रवार, ईस्टरच्या आधीचा,” बिरुकचा आवाज चिरकला. “दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. तळलेल्या कोंबडीच्या दुकानासमोर.”

“रस्ता विचारायला थांबलो होतो,” तामरात करारीपणे म्हणाले.

“पाऊण तास?” बिरुकने पावतीवर बोट ठेवलं.

“लांबचा रस्ता होता.”

आता कुणालाच आवरेना. हिरुत उशीत तोंड खुपसून लोळायला लागली. बिरुकने काकांच्या पाठीवर थाप मारली. शेवटी खुद्द तामरातच गदगदा हलायला लागले. डोळे पुसत म्हणाले, “देवाशपथ सांगतो, कुरकुरीत होती.”

बावीस झाल्या. तेविसावीवर मुलुनेशने तळहात ठेवला होता.

“ही?” हिरुतने विचारलं.

“ही माझी.”

“तुझी? आई, तू गाडी शिकायचं सोडलंस ना?” बिरुक म्हणाला.

मुलुनेशने पिशवीतून परवाना काढून डब्यावर ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा होता. मग खाली बघतच तिने सगळं सांगून टाकलं. दर मंगळवारी पहाटे, सगळे झोपलेले असताना, ती गाडी काढायची. एकदा मोठ्या रस्त्यावर पोलिसाने मागून दिवे लावले. फार हळू चालवल्याबद्दल! पंचावन्नच्या रस्त्यावर अठ्ठावीसने.

“मग मी उतरले आणि त्याला वाकून नमस्कार केला.”

“उतरलीस?” बिरुक ओरडला. “अगं आई, इथे उतरायचं नसतं! हात दिसतील असे ठेवून गप बसायचं असतं!”

“सरकारी माणूस चालत येतोय आणि मी बसून राहू? अशी वाढवलीय का मला? तोही असाच ओरडला, आत बसा म्हणून. बसले. पण बिचारा थंडीत उभा, ओठ काळेनिळे. मांडीवर कोलोची पुडी होती, ती पुढे केली.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “आता त्याचीच भीती वाटतेय. भाजलेले जव दिले, म्हणजे लाच दिली का हो मी?”

“घेतले त्याने?” तामरातांनी विचारलं.

“दोन मुठी.”

“आणि पावती?”

“तीही फाडली.”

“मग कसली लाच! लाच घेऊन काम न करणारा माणूस आहे तो, त्याच्यावर खटला भरू.”

पुन्हा हशा उसळला. पण बिरुक पावतीकडे बघत होता. “आई, हा तर विमानतळाचा रस्ता आहे. तू कुणाला आणायला चालली होतीस?”

“कुणालाच नाही. अजून.” मुलुनेशने जबना, कॉफीचा मातीचा चंबू, उचलला. “माझ्या आईला दुसऱ्या कुणी आणलेलं मला नको. तिला मी आणणार. म्हणून रस्ता पाठ करतेय.”

तामरात उठले, तिच्या हातातून जबना घेतला आणि तिसरा कप स्वतः ओतला. पुरुषाने कॉफी ओतलेली त्या घराने पहिल्यांदाच पाहिली. मग सगळ्यांत मोठे म्हणून आशीर्वादही त्यांनीच दिला, लांबलचक, आणि त्यात कोंबडीचा उल्लेख टाळला.

मंगळवारी अधिकारीणबाईंनी मुलुनेशला उजवा हात वर करायला लावून शपथ दिली. प्रश्न येण्याआधीच मुलुनेशने डबा टेबलावर ठेवला.

“मॅडम, अर्जात चूक झालीय. नाही लिहिलंय, ते हो आहे. तेवीस. बावीस गाडीच्या, एक माझी. सगळे दंड भरलेत. गाडीच्या कुणाकुणाच्या ते सांगू?”

“नको,” बाई घाईने म्हणाल्या.

“आणि पोलिसाला मी जव दिले. दोन मुठी. लाच नव्हती. त्याला थंडी वाजत होती.”

बाईंनी चष्मा काढला. “कसले जव?”

“भाजलेले. खारे.”

बाईंच्या ओठांची कड हलली. त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं, पण खांदे सगळं सांगत होते. वळल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. “वीस वर्षं मी या खुर्चीत आहे,” त्या म्हणाल्या, “लोक स्वतःचं लपवतात. नातेवाइकांचं बांधून घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच.” त्यांनी ‘नाही’ खोडलं, ‘हो’ लिहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला.

दीड वर्षाने, विमानतळावरून निघणाऱ्या रस्त्यावर एक जुनी गाडी पस्तीसने चालली होती. मुलुनेशचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर पांढऱ्या नेतेलाच्या शालीत गुंडाळलेली चिमुकली आई, मागे बिरुक आणि हिरुत श्वास धरून. आणि त्यांच्या मागे नजर पोचेल तिथवर गाड्या, सगळ्या एकजात हॉर्न वाजवणाऱ्या.

आईने मान वळवून पाहिलं. तिच्या गावात असे हॉर्न फक्त लग्नाच्या वरातीत वाजतात.

“एवढे सगळे?” ती म्हणाली. “माझ्यासाठी?”

“हो, आई,” मुलुनेश म्हणाली.

आईने काच खाली करवून घेतली आणि जीभ नाचवत “इलिलिलि” असा आनंदाचा गजर केला. बाजूने जाणाऱ्या एका माणसाने मूठ उगारली, त्यालाही तिने हात वर करून आशीर्वाद दिला. मग लेकीच्या मांडीवर थापटून म्हणाली, “जरा हळू घे गं. मला सगळ्यांना नीट बघू दे.”

मुलुनेशने गाडी आणखी हळू केली.