इंगाबायच्या हातचं पाणी

आईचं तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, तरी जयंतीचा पाय वर्सोव्याच्या घरातून निघेना. घाटकोपरच्या शाळेला तिनं रजा वाढवून मागितली होती. खरं तर आता तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईची खाट तेवढी जागच्या जागी होती. ती उचलायला कुणाचा हात धजत नव्हता, आणि ती उचलली जाईपर्यंत जयंतीला निघवत नव्हतं.

रेव्हरंड शांतवन गायकवाड आले तेव्हा ती त्या खाटेसमोरच बसली होती. सात बंगल्याकडच्या लहानशा चर्चचे ते पाळक, मूळचे नगरकडचे. चपला बाहेर काढून ते उंबऱ्यातच थांबले.

"जयंतीताई, दुःखाच्या घरात आपली अडचण घेऊन येऊ नये. पण मला दुसरं दार नाही."

"आत या. इंगर बऱ्या आहेत ना?"

"तिचंच आहे," पाळक म्हणाले.

चर्चच्या दवाखान्याला दोन खोल्या वाढवून द्यायला डेन्मार्कहून सहा जणांचा गट दिवाळीनंतर आला होता. पदरचे पैसे घालून आलेली, देवभोळी, कामसू माणसं. एक म्हातारा सुतार, एक गवंडी, हाताखाली तिघं, आणि इंगर नावाची पन्नाशीची नर्स. आईच्या पाठीला झोपून झोपून जखमा झाल्या, तेव्हापासून इंगर रोज सकाळी घरी येऊन त्या धुवायची आणि पट्टी बदलायची. कोळीवाड्यात तिची इंगाबाय झाली होती. ती इंजेक्शनही द्यायची, म्हणून 'इंगाबाय इंगा दावते' असं म्हणून बाया हसायच्या. तिला त्यातलं काही कळायचं नाही. तीही हसायची.

"आमच्यावर अर्ज गेलाय," पाळक म्हणाले. "निनावी. पर्यटक म्हणून आले आणि मरायला टेकलेल्या बाईला बाटवली, असं लिहिलंय."

"कुणाला?"

पाळकांनी खाटेकडं पाहिलं. "तुमच्या आईला."

जयंतीची नजरही खाटेकडं गेली.

"इंगरनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं आणि काहीतरी पुटपुटली, असं कुणी पाहिलं म्हणे. सगळ्यांचे पासपोर्ट फोर्टातल्या परदेशी नोंदणी ऑफिसच्या साहेबांनी ठेवून घेतलेत. उद्या बोलावलंय. धर्मांतराचा शेरा बसला तर लगेच देश सोडायचा, आणि पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही. सहाही जणांनी. दवाखान्याचं काय होईल ते वेगळंच. घरचं कुणीतरी येऊन खरं काय ते सांगेल, तर..."

"पण पाणी हरेश्वरनं घातलं," जयंती म्हणाली. "माझ्या भावानं. सगळ्यांसमोर सांगितलंय त्यानं."

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "इंगर म्हणते, तिनं घातलं. साहेबांसमोर सांगून मोकळी झाली. म्हटलं, बाई, आधी मला तरी विचारायचंस! तर म्हणाली, त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं."

ते गेले, तरी जयंती बसूनच राहिली. आई गेली त्या दिवशी ती परीक्षेच्या कामासाठी घाटकोपरला गेली होती. भावजय राधा टोपली घेऊन अंधेरीच्या बाजारात. निरोप पोचून जयंती येईतो सगळं आटोपलं होतं. दारातच हरेश्वर तिच्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "माझ्या हातचं पाणी पिऊन गेली गं." त्या एका वाक्यावर तिनं आजवरचे दिवस काढले होते. आपण नव्हतो, पण तो होता. आई कोरड्या तोंडानं गेली नाही, परक्यासारखी गेली नाही.

ती उठली आणि समोर सखुबाईकडं गेली. सखुबाईच्या खिडकीतून आईची खाट सरळ दिसायची. म्हातारी अंगणात बांबूंवर टांगलेले बोंबील चाचपून बघत होती.

"सखूमावशी, आई गेली तेव्हा तू काय पाहिलंस?"

"मी बोंबील उतरवत होते."

"मावशी."

सखुबाईनं हात लुगड्याला पुसले. "पायलं गो. गोरीनं पाणी सोडलं. तुझ्या आवशीनं बोट दावलं, तसा तिनं देव्हाऱ्यातला गंगेचा गडू काढला. झाकण निघंना, तर आपली पट्टीची कातर घालून उघडला. तुळशीचं पानबी ठेवलं जिभेवर. आपल्यातली बाय करणार नाय इतक्या मायेनं केलं. मी नळावर तसं बोलले. चांगलं म्हणून बोलले गो! तिथून कोणी काय नेलं नि काय लिवलं, मना काय ठावं?"

"आणि हरी?"

"हरी बंदरावर. होडी लागलेली ना."

"म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं?"

"होतं तर. पोरगा बोलला मी घातलं, आमी बोललो, हां बाबा, तूच घातलंस. ढसाढसा रडत होता. त्याला काय लोकांत खोटा पाडायचा?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू शिकलेली. तू इचारत बसली असतीस."

हरेश्वर किनाऱ्यावर होडीच्या सावलीत जाळं सांधत होता. बहिणीला येताना पाहून त्यानं बसायला फळी पुसली. तिनं सगळं सांगितलं. पाळकांचं सांगितलं, सखुबाईचंही सांगितलं. त्याची सुई चालूच राहिली.

"उद्या येतो ना मी," तो म्हणाला. "साहेबाला सांगतो, ती बाई घरात नव्हतीच. सुटली ना मग? सगळेच सुटले."

"तिनं कबूल केलंय, हरी."

"मग वेडीच आहे ती!"

"तू कुठं होतास?"

"लिलावात." त्याची सुई थांबली. "आईच बोलली, जा, नाहीतर मासळी मातीमोल जाईल. मी बोललो, आलोच. परत आलो तर ती बाई आईचा हात धरून बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं, नि मला कळलं." त्यानं जाळं बाजूला टाकलं. "ताय, मी एकटा पोरगा तिचा. अख्ख्या कोळीवाड्याला सांगू, का आईला पाणी परक्या बाईनं पाजलं, आणि मी भाव करत उभा होतो?"

"परक्या बाईनं तिची पाठ धुतली इतके दिवस. तेव्हा तुला चाललं."

"ते वेगळं. पाणी वेगळं."

पाणी वेगळं, हे जयंतीलाही आतून पटत होतं. इतकी पुस्तकं वाचून झाली, तरी ते तिच्यातून गेलं नव्हतं. रागही येत होता, आणि तो नेमका कुणाचा हे ठरत नव्हतं.

"उद्या चल," ती म्हणाली. "तुला सांगायचं ते सांग. पण तिच्यासमोर सांग."

दुसऱ्या दिवशी फोर्टातल्या त्या सरकारी ऑफिसच्या बाकावर सहा जण ओळीनं बसले होते. म्हाताऱ्या सुतारानं हॅट गुडघ्यावर धरली होती. त्याच्या बोटांच्या भेगांत अजून चुना होता. इंगरनं जयंतीला पाहिलं आणि उठून उभी राहिली. पण जवळ आली नाही.

इन्स्पेक्टर प्रधानांनी आधी इंगरला, जयंतीला, हरेश्वरला आणि पाळकांना आत घेतलं. थकल्या चेहऱ्याचा, पण ऐकून घेणारा माणूस.

"पाणी तोंडात घातलं, की डोक्यावर?" त्यांनी विचारलं.

जयंतीनं इंग्रजीत विचारून घेतलं. "तोंडात. देव्हाऱ्यातलं गंगाजल, आईनंच बोट दाखवलेलं."

"डोक्यावर थेंबसुद्धा नाही?"

"बाप्तिस्मा असा होत नाही, साहेब," पाळक मध्येच म्हणाले. "माणूस शुद्धीवर हवा, त्याची कबुली हवी, मंडळी हवी..."

"गायकवाड, मला शिकवणी लावू नका. चोर बघितले, दरोडेखोर बघितले. पाणी कुठं पडलं याची चौकशी या नोकरीत पहिल्यांदाच करतोय." ते हरेश्वरकडं वळले. "तुम्ही मुलगा ना? बोला."

हरेश्वरनं घरून जुळवून आणलेलं वाक्य एका दमात म्हटलं. "ही बाई नव्हतीच, साहेब. पाणी मी घातलं."

प्रधानांनी पेन खाली ठेवलं. "मग या कशाला आपणहून फास अडकवून घेतायत? दोघांतलं कुणीतरी एक खोटं बोलतंय. आणि लपवालपवी दिसली की मला वाईटच लिहावं लागतं, कळलं? बाई, विचारा यांना, तोंडानं काय पुटपुटत होत्या?"

जयंतीनं विचारलं. आतापर्यंत प्रत्येक प्रश्नाला सरळ बघून उत्तर देणाऱ्या इंगरनं पहिल्यांदाच नजर खाली वळवली. ती हळू इंग्रजीत म्हणाली, की प्रार्थना तिनं मनात केली. ती केली नाही असं ती म्हणणार नाही. पण ओठांवर ती नव्हती. म्हातारीला दिसेनासं झालं होतं. पाण्याचा दुसरा घोट उतरल्यावर तिनं हात चाचपला आणि विचारलं.

"काय विचारलं?" प्रधान म्हणाले.

इंगरनं डोळे मिटले. मग ती इंग्रजीत बोलली नाही.

"हरी, आयलास का रं?"

शब्द कोळीवाड्यातले होते. शेवटचा 'रं' आई लांबवायची तसाच लांबवलेला, थोडा वर उचललेला. असं बोलायला त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते एकदाच ऐकलं होतं आणि जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. बाहेर टाइपरायटर खडखडत होता.

"मी म्हटलं, हो," इंगर म्हणाली, 'हो' तेवढं मराठीत, बाकीचं इंग्रजीत. "ती कुणाला विचारते हे मला ठाऊक होतं. मी हरी नव्हते. मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले. ओठांवर होतं ते एवढंच. काही नोंदवायचं असेल तर ते नोंदवा."

हे भावाला मराठीत सांगावं म्हणून जयंती वळली. 'हो' पुढचं त्याला कळलं नव्हतं. पण ते सांगायची गरज उरली नव्हती. हरेश्वर भिंतीला हात टेकून उभा होता.

"साहेब, खोडा ते," तो म्हणाला. "मी नव्हतो. मी बंदरावर होतो. आई मला हाक मारत होती." त्याचा आवाज फुटला. "ओ देणारं घरात दुसरं कोण नव्हतं. हिनं दिली."

प्रधानांनी ग्लास त्याच्यापुढं सरकवला. तो पाणी प्यायला. मग त्यांनी लिहायला घेतलं, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: मयत बाईला तिच्याच इच्छेनुसार तिच्या धर्माप्रमाणं गंगाजल देण्यात आलं, धर्मांतराचा पुरावा नाही.

पाळकांनी हात जोडले.

"थांबा, इतक्यात नको," प्रधान म्हणाले. "पर्यटकाच्या व्हिसावर भिंती बांधता, इंजेक्शनं देता. हे मी बघितलंच नाही असं नाही ना करू शकत. या आठवड्यात सगळ्यांनी निघायचं. शेरा राहणार नाही. परत यायचं तर रीतसर कागद करून या."

जयंतीनं बाहेर येऊन ते बाकावरच्या माणसांना सांगितलं. म्हाताऱ्या सुतारानं एवढंच विचारलं, की छपराचं काय. भिंती दारांपर्यंत आल्या होत्या, छप्पर राहिलं होतं. त्याचं उत्तर पाळकांनाही देता आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी इंगर घरी आली. हरेश्वर ओसरीवर होता. तो उठला, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन त्यानं आत ठेवली. समोरून सखुबाईनं कागदात बांधलेले बोंबील आणून दिले. "इमानात नेऊन देतील का गो? वास आला तर सांग, सखूनं दिलेत."

दुपारी हरेश्वर बंदरावर गेला, राधा बाजारातच होती, आणि घरात दोघीच राहिल्या. इंगरनं खाटेकडं पाहिलं, मग जयंतीकडं. दोघींनी खाट दोन बाजूंनी धरली आणि मागच्या पडवीत नेऊन उभी केली. खाटेचे चार पाय होते तिथं जमिनीवर चार गोल उमटले होते.

जयंतीनं इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारला.

"माझं नाव घेतलं का तिनं?"

विचारल्याक्षणी तिला वाटलं, विचारायला नको होतं. समोरच्या बाईला मराठीतला 'हो' हा एक शब्द चांगला येत होता, आणि तो म्हणताना अडवायला आता साहेबही समोर नव्हता, पासपोर्टही अडकला नव्हता. दुःखातल्या माणसाला असा शब्द कुणीही देतं.

इंगरनं तिच्याकडं सरळ पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

जयंतीनं मान हलवली. जे आत तुटायचं ते तुटलं, आणि ती तिथंच, त्या चार गोलांच्या मध्ये खाली बसली. इंगरही शेजारी बसली. रडू ओसरल्यावर जयंतीला कळत गेलं, की ही बाई इथं 'नाही' म्हणाली, त्या अर्थी तिनं सांगितलेलं बाकीचं सगळं खरं. आईनं खरंच बोट दाखवलं होतं. गडू तिच्यासाठी उघडला होता. पान जिभेवर होतं, घोट घशाखाली उतरला होता, आणि तिला वाटलं होतं की आपला मुलगा आलाय.