आंधळ्या वाघाचा दुसरा भाग

कोरियातल्या इंचॉन शहरात, जुन्या बाजारामागे ज्यंग-बेचं कॉमिक्सचं दुकान आहे. तासाचे पैसे द्यायचे, फळीवरून हवं ते काढायचं आणि भिंतीलगतच्या फाटक्या सोफ्यावर वाचत बसायचं. एकसष्ट वर्षांची ओक-हुई तिथं सहा महिने रोज येत होती, आणि सहा महिन्यांत तिची एकही गोष्ट वाचून झाली नव्हती.

ऐन तारुण्यातली बारा वर्षं तिनं सोलमध्ये कॉमिक्स काढणाऱ्या एका चित्रकाराकडे नोकरी केली होती. चेहरे मालक काढायचा, कपडे दुसरा कुणी, आणि ओक-हुईकडे पाऊस, कौलं आणि गर्दी. त्यामुळे आता पान उघडलं की तिची नजर नायिकेच्या आसवांवरून घसरून थेट मागच्या कौलांवर जायची. कुठं रेघ घाईत मारलीय, कुठं पेन्सिल खोडायची राहिलीय, सगळं दिसायचं. गोष्ट तेवढी दिसायची नाही.

आणि तिला हवी होती ती गोष्टच. नऊ वर्षांची असताना, गुन्सान गावात अशाच एका दुकानात पोरांच्या दाटीत बसून वाचताना, आईनं दारातून मारलेल्या हाका तिच्या कानापर्यंत पोचत नसत. ते बहिरेपण तिला एकदा तरी परत हवं होतं. नवरा गेल्यापासून घरात हाक मारणारं कुणी नव्हतं, म्हणून बाकी सगळं ऐकू यायचं: फ्रिज, नळ, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची.

"ताई, आज किती चुका?" ज्यंग-बेनं गल्ल्यावरून विचारलं.

"अकरा. शिवाय एका घोड्याला गुडघाच नाही."

"तुम्ही लग्नाला जाऊनसुद्धा खुर्च्या मोजत असाल."

"मोजल्यात. भाचीच्या लग्नात दहा कमी होत्या."

ज्यंग-बेनं खोक्यातून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढून तिच्यापुढे टाकलं. "हे घ्या. चुका मोजता मोजता बोटं दमतील. नूडल्स टाकू?"

"टाक. अंडं मोडू नकोस."

पुस्तक खरंच भिकार काढलेलं होतं. माणसांचे हात मोज्यांसारखे, समुद्र कंगव्यासारखा. एका बेटावर दीपगृहवाल्याची मुलगी आणि एक आंधळा वाघ. मुलगी रोज वाघाला समुद्र कसा दिसतो ते सांगते. मग एक दिवस तिला न्यायला येणारी होडी दिसते, आणि ती वाघाला सांगते, आज काहीच नाही, नुसतं पाणी. वाघ नाक वर करून वास घेतो. पहिला भाग तिथंच संपत होता.

"ताई, दोनदा हाक मारली तुम्हाला," ज्यंग-बे शेजारी उभा होता. "नूडल्स फुगून लगदा झाला."

"उगाच काहीतरी."

"पातेल्यात बघा की."

तिनं पाहिलं. मग मुकाट्यानं तो लगदा खाल्ला आणि विचारलं, "दुसरा भाग कुठाय?"

"त्या टोपीवाल्याकडे."

कोपऱ्यात एक म्हातारा बोट ओलं करकरून पानं उलटत होता. ओक-हुई समोर बसून राहिली. वाघाला कळलं असेल का, हे कुणाला तरी विचारावंसं तिला फार वाटत होतं; विचारण्याजोगा माणूस जगात एकच होता, हा समोरचा म्हातारा, आणि त्याला विचारलं तर शेवट कळून सगळंच फुकट. तो एका पानावर थांबून नाक ओढू लागला, तेव्हा तिनं मान भिंतीकडे फिरवली.

अखेर तो उठला, पुस्तक तिच्या हातात देत म्हणाला, "मघापासून वाट बघताय. शेवटी तो वाघ..."

"सांगू नका." तिनं पुस्तक काखेत मारलं आणि दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबले.

म्हातारा हसला. मग आणखी काहीतरी बोलला, बरंच काही. ओठ हलताना दिसत होते. उत्तराची वाट पाहत तो क्षणभर थांबला, आणि टोपी सारखी करून निघून गेला. नाव विचारलं, की उद्या येणार का म्हणून विचारलं, ते तिला कळलं नाही. दार लागल्यावर तिनं कानांवरचे हात काढले आणि पहिलं पान उघडलं.