साहेबांचा अहवाल रांगेत आहे

आमचं ऑफिस मोखाड्यात आहे. कोणतं ते सांगत नाही, कारण सांगितलं तर बाकीच्या ऑफिसांना उगाच वाटेल की आपण सुटलो. मी तिथे कंत्राटी ऑपरेटर. म्हणजे कामं सगळ्यांची, खुर्ची मोडकी, आणि काही बिघडलं की नाव योगिताचं.

ऑफिसात टेबलं भरपूर, प्रिंटर एक. तो माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला, त्यामुळे कोणीही कुठूनही प्रिंट दिली की ती माझ्याकडे येऊन रांगेत उभी राहते. ही रांग बघायची तर काळा पडदा उघडायचा आणि त्यावर एलपीक्यू असं टाइप करायचं. लगेच दिसतं, पुढे कोण, मागे कोण आणि वाट कोणी अडवलीय. ऑफिसातल्या बाकीच्यांना काळा पडदा दिसला की धडकी भरते. व्हायरस आला का, असं दारातूनच विचारतात आणि आत येत नाहीत. चांगलंच आहे म्हणा, तेवढीच शांतता.

त्या दिवशी सकाळीच तानी तिच्या मुलीला, सकूला, घेऊन आली. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून चालत आलेल्या दोघी. सकूला नाशिकला नर्सिंगला जागा मिळाली होती. पण रहिवासी दाखला, तोही सहीशिक्क्याचा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दिला नाही तर ती जागा पुढच्या मुलीला जाणार होती. मोबाइलवरचा फोटो चालणार नव्हता. सही करणारे साहेब दुपारी पालघरच्या मीटिंगला निघणार होते, आणि त्र्यंबककडे जाणारी जीप त्यानंतर एकच होती.

"बाई, पोरीचा कागद तेवढा काढून दे," तानी म्हणाली. तिच्या बोलीत अहो-जाहो नाही. जावई असो नाहीतर मंत्री, सगळ्यांना तूच. मला ते आवडतं. आमचे हेडक्लार्क हरेशभाऊ मात्र प्रत्येक वेळी चेहरा असा करतात, जसं कुणी त्यांच्या ताटातली भाजी उचलली.

दाखला तयार होता. मी प्रिंट दिली आणि प्रिंटर ढिम्म. काळ्या पडद्यावर एलपीक्यू मारलं, तर सगळ्यात पुढे साहेबांचा वृक्षलागवडीचा सचित्र अहवाल पाय पसरून बसलेला. मी उघडून पाहिला होता तो. प्रत्येक पानावर एकच रोपटं, फक्त धरणारे हात वेगळे. एवढ्या पाहुण्यांनी हाताळल्यावर ते बिचारं जगलं असेल का, याची मला शंकाच आहे. साहेबांनी फोटो मोठे दिसावेत म्हणून कागदाचा आकार दुप्पट निवडला होता. तसला कागद आमच्या ऑफिसात कधी आला नाही, आणि मागितला तर पुढच्या पावसाळ्यात येईल. प्रिंटर बापडा त्या कागदाची वाट पाहत लाल दिवा लावून बसला होता.

त्याच्यामागे सगळं ऑफिस अडकलेलं. त्यात आमच्याकडची एक खास रीत आहे. कागद आला नाही की पुन्हा प्रिंट द्यायची. तरी आला नाही की आणखी जोरात माऊस दाबून द्यायची. साहेबांनी स्वतःचा अहवालही असाच पुन्हा पुन्हा पाठवला होता. या सगळ्यांच्या शेपटीला सकूचा दाखला.

आता यावर उपाय एका ओळीचा. कॅन्सल असं टाइप करायचं, त्या कामाचा नंबर द्यायचा, झालं. पण माझ्या आधीच्या ऑपरेटरने, दिपेशने, असाच एका साहेबांचा कागद रद्द केला होता. त्याचं कंत्राट पुढे वाढलंच नाही. तेव्हापासून हरेशभाऊंनी नियम करून ठेवलाय की साहेबांचा कागद लेखी मंजुरीशिवाय रद्द करायचा नाही. साहेबांना जाऊन विचारावं, तर ते आत दार लावून व्हीसीवर, म्हणजे वरच्या साहेबांच्या व्हिडिओ मीटिंगवर बसलेले, आणि व्हीसी चालू असताना आत जायला छप्पर कोसळण्याचं तरी कारण लागतं.

मी हरेशभाऊंकडे गेले. ते म्हणाले, टिपणी ठेव. मी म्हटलं, हाताने लिहून देते, साहेब बाहेर डोकावले की तुम्ही सही घ्या. तर हाताने लिहिलेली टिपणी आता चालत नाही म्हणे, संगणकावर टाइप केलेलीच हवी, साहेबांचंच परिपत्रक आहे. बरं बाबा. बसले टाइप करायला. 'सदर अहवाल मुद्रण-रांगेतून रद्द करण्यास मंजुरी मिळावी.' प्रिंट दिली. पुन्हा एलपीक्यू मारलं.

माझी टिपणी सकूच्या दाखल्याच्या मागे जाऊन उभी होती.

हे मी हरेशभाऊंना दाखवलं. ते काळ्या पडद्यापासून हातभर लांब उभे राहून म्हणाले, मग टिपणी येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, भाऊ, अहवाल हलल्याशिवाय टिपणी येणार नाही, आणि टिपणी आल्याशिवाय तुम्ही अहवाल हलवू देणार नाही. त्यांनी शांतपणे मान हलवली, जणू मी त्यांना पाऊसपाणी सांगितलं. असा संताप आला की तो प्रिंटर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवावा.

बाहेर साहेबांचा ड्रायव्हर गाडी पुसायला लागला होता. तानी पायरीवर बसून होती. तिला ऑफिसात बसून राहायची सवय आहे. तिच्या वनजमिनीच्या पट्ट्याचा दावा कित्येक वर्षं आमच्याकडे पडलाय, आणि ती आली की तिला सांगतात, प्रलंबित आहे, उद्या या. सकू मात्र बसली नव्हती. खिडकीचे गज धरून ती पडद्याकडे बघत होती. "मॅडम, माझं नाव अजून तिथेच आहे ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि मला तिच्याकडे बघवेना.

प्रलंबित! तो शब्द डोक्यात आला आणि मी तडक हरेशभाऊंच्या टेबलाशी गेले. आवाज अगदी गरीब केला.

"भाऊ, अहवाल रद्द नाही करत. प्रलंबित ठेवू का?"

हरेशभाऊंच्या कपाळावरची आठी गेली. "प्रलंबित? मग त्याला कशाला विचारतेस?"

बघा. मोडायला मंजुरी लागते, करायला मंजुरी लागते, पण नुसतं पाडून ठेवायला या ऑफिसात कधी कुणाची सही लागलेली नाही. कपाटंच्या कपाटं त्यावर भरलीत. मी पडद्यासमोर बसले आणि साहेबांच्या अहवालाच्या सगळ्या प्रती एकामागून एक होल्डवर टाकल्या. सकूचा दाखला उचलून पहिला केला. हो, रांग मोडली. जायचंय कुणाला तक्रार करायला तर जा, टिपणी टाइप करूनच जा. प्रिंटर बंद करून चालू केला. तो खोकला, घरघरला आणि दाखला बाहेर आला.

गरम कागद घेऊन मी धावले. व्हीसी संपवून साहेब गाडीचं दार उघडत होते. बॉनेटवर कागद ठेवला, हरेशभाऊंनी मागून शिक्का आणला, आणि साहेबांनी न वाचता सही ठोकली. न वाचता सही करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. सकूने तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि फुंकर मारत बसली, शाई पुसू नये म्हणून.

मग साहेबांना आठवण झाली. "माझा अहवाल कुठंय? मीटिंगमध्ये काय दाखवू मी?"

हरेशभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "साहेब, प्रलंबित आहे."

साहेबांचा चेहरा पडला. तो शब्द ते रोज सांगतात, त्यांना कुणी सांगितल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात तानी पायरीवरून उठली. खरंच कळवळून उठली हो, चेष्टेचा लवलेश नव्हता. एवढी वर्षं या पायरीवर बसून जे शिकली होती, ते तिने साहेबांना सांगून टाकलं.

"आता नाय होत, साहेब. तू उद्या ये. सकाळीच ये, गर्दी नसते. आन येताना आधारची झेरॉक्स घेऊन ये, ती मागतातच."