थरथरणारा फ्रीजर आणि सहा बाटल्या

मी एक जुना फ्रीजर आहे. घरात उभा असतो तसा नव्हे. मी आडवा, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. माझ्या पोटावरचे आंब्याच्या आइस्क्रीमच्या कोनाचे चित्र आता निम्मे निघाले आहे. मला पाहिलेत तर तुम्ही विचाराल, हा अजून भंगारात कसा गेला नाही? मित्रांनो, तेच सांगतो.

माझी उमेदीची वर्षे कात्रजला गेली, प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात. साप पाहून घामाघूम झालेली मुले धावत येत आणि झाकण उघडले की गार वाफेत तोंड घालत. दुकानाचे मालक सर्जेराव मला रोज ओल्या फडक्याने पुसत. “हा कधी दगा देत नाही,” असे ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी अभिमानाने घुरघुरत असे. पुढे दुकानात काचेच्या दारांचे नवे फ्रीजर आले आणि माझी रवानगी मार्केट यार्डातल्या एका गोदामात झाली. तिथे माझ्यावर कांद्याची पोती रचली गेली. जमिनीत ओल होती. माझ्या चारही पायांची रबरे कुजून गळून पडली.

ही रबरे म्हणजे क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण ती गेल्यापासून मोटर सुरू झाली की मला हुडहुडी भरते. सगळे अंग खडखडते. आइस्क्रीमला त्याने काही झाले नसते. माझ्या पोटात पुढे जे ठेवले गेले, त्याला मात्र ही थरथर चालणार नव्हती.

मंडईजवळच्या एका शाळेत कुसुमबाई विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्या तरी त्या मुलांसाठी येतच राहिल्या. त्यांनी मला गोदामातून आणवले आणि प्रयोगशाळेच्या दाराशी सिमेंटच्या ओट्यावर ठेवले. मला त्यांनी मागितले होते ते आठवीतल्या अक्षतासाठी.

आदल्या वर्षीच्या विज्ञान दिनाला अक्षताचा ज्वालामुखी भर सभागृहात फुटलाच नव्हता. त्या दिवसापासून वर्गातल्या सौरभने तिचे नाव ‘फुसका बार’ ठेवले. नाव असे चिकटले की हजेरी घेताना एकदा सरांच्याही तोंडून ते निसटले. अक्षता हसली होती म्हणे. पण माझ्या झाकणावर हात ठेवून ती बाईंना म्हणाली, “या वेळी पण फसलं ना, तर मी पुन्हा कधी स्टेजवर जाणार नाही.”

आणि तिने विषय निवडला होता विश्वाच्या जन्माचा.

बाईंनी तो तिला माझ्याजवळ बसून समजावला, म्हणून मलाही कळला. तुम्हीही ऐका. आज जगात चार बले दिसतात. एक गुरुत्वाकर्षण, जे आपल्याला जमिनीवर ठेवते. दुसरे विजेचे आणि चुंबकाचे. तिसरे अणूचा गाभा घट्ट बांधणारे. चौथे त्या गाभ्यात फेरबदल घडवणारे. ही बले एकमेकांपासून अगदी वेगळी वाटतात. पण शास्त्रज्ञांना असे वाटते की विश्व जन्मले तेव्हा ते इतके तापलेले होते, की गुरुत्वाकर्षण सोडून बाकीची तीन बले एकच होती. कोणते कोणते, हे सांगताच आले नसते. या विचाराला महाएकीकरण सिद्धांत म्हणतात. विश्व थंड झाले आणि ती एकी मोडली.

“थंड झाल्यावर का मोडावी?” अक्षताने विचारले होते.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. पाण्यात कुठूनही पाहा, सगळ्या दिशा सारख्या. याला सममिती म्हणतात. त्याचा बर्फ होताना मात्र सुयांसारखे स्फटिक धरतात, आणि प्रत्येक सुईला कोणती तरी एक दिशा घ्यावी लागते. सारखेपणा मोडतो. शिवाय स्वच्छ पाणी अगदी स्थिर ठेवून गार केले, तर ते शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहते. वाट पाहत राहते. एक धक्का बसला की क्षणात गोठते. काहींच्या मते विश्वही तसेच थोडा वेळ खोळंबले असावे.

तोच क्षण अक्षताला सगळ्यांसमोर दाखवायचा होता. पाण्याची प्लास्टिकची बाटली टेबलावर आपटायची, आणि पाण्यातून पांढरा बर्फ सरसर धावताना दिसला पाहिजे.

पहिल्या खेपेला माझ्या हुडहुडीने सगळ्या बाटल्या आतल्या आतच गोठल्या. मला फार वाईट वाटले. अक्षताने सायकलची जुनी ट्यूब कापून माझ्या तीन पायांखाली घड्या सारल्या. चौथ्यासाठी ट्यूब उरली नाही. मग ठरले की पाणी पुरेसे गार झाले की माझा प्लग काढायचा आणि कार्यक्रम होईपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा नाही.

विज्ञान दिनाची सकाळ उजाडली. माझ्या पोटात सहा बाटल्या होत्या, शून्याच्या बऱ्याच खाली, तरी सहांतही अजून पाणीच. अक्षताने श्वास रोखून प्लग काढला. आता मी मोटरशिवाय गप्प उभा होतो. बाहेर कोणी जोरात चालले तरी मला धसका बसे.

पाहुणे आले. संस्थेचे अध्यक्ष श्यामसुंदरराव मोठे शिस्तीचे. उद्घाटनाचा नारळ वाढवायचा होता. शाळेच्या दारातला नारळ फोडायचा दगड फरशीच्या कामासाठी हलवलेला. शिपाई पोपटमामा इकडेतिकडे पाहत होते. तेव्हा कोणीतरी म्हणाले, हा ओटा आहे की भक्कम.

मी ज्या ओट्यावर उभा होतो, तोच.

अक्षता सभागृहात खुर्च्या मांडत होती. मला ओरडता येत नाही. श्यामसुंदररावांनी नारळ उचलला आणि एका फटक्यात फोडला. हादरा ओट्यातून माझ्या चौथ्या, उघड्या पायात शिरला आणि तिथून पोटात. मित्रांनो, पाणी गोठताना उष्णता सोडते. एकामागून एक सहा ठिकाणी मला ती ऊब लागली. टाळ्या वाजल्या. खोबरे वाटले गेले. माझ्या आत काय घडले, ते फक्त मला ठाऊक होते.

मला अलगद ढकलगाडीवर घेऊन अगदी हळू सभागृहात नेले. अक्षता छान बोलली. चार बले सांगितली, पेल्यातले पाणी दाखवले. “आणि आता तुमच्या डोळ्यांसमोर,” असे म्हणून तिने माझे झाकण उचलले.

तिचा हात आतच थांबला.

पहिल्या रांगेतून सौरभ हळूच म्हणाला, पण ऐकू सगळ्यांना गेले. “फुसका बार.”

अक्षताने बाईंकडे पाहिले. बाई जागच्या हलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “काय दिसतंय, ते सांग.”

तिने एक बाटली उजेडात धरली. मग दुसरी. “गोठल्यात,” ती म्हणाली. “यात सुया आडव्या आहेत, यात तिरप्या. ओट्यावर नारळ फोडला म्हणे, त्याच्या धक्क्यानं झालं असणार. मी तेव्हा नव्हते.”

श्यामसुंदरराव कोरडेपणाने म्हणाले, “म्हणजे नारळ आम्ही फोडला म्हणून विश्व तुमचं बिघडलं. पण ताई, हे पाणी आधी नुसतंच थंड होतं, असं आम्ही का मानायचं? बर्फ कालपासूनचाही असू शकतो.”

लोक हसले. अक्षताने हातातली बाटली नकळत दाबली, आणि तिचा चेहरा बदलला.

ती स्टेजवरून खाली उतरली आणि बाटली सौरभपुढे धरली. “दाब.”

सौरभने दाबली. “मऊ आहे,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं सांग.”

“मऊ आहे. दाबली जातेय. आत पाणीही आहे.”

“कालपासून सावकाश गोठली असती तर दगडासारखी लागली असती,” अक्षता म्हणाली. “ही एकदम गोठलीय. आत्ताच. एकदम गोठताना थोडाच बर्फ होतो, आणि तो असा सगळीकडे विखुरतो. तो क्षण मी पाहिला नाही, तुम्ही पण नाही. विश्वाचा तर कुणीच पाहिला नाही. मागं जे उरलंय, ते दाबूनच ओळखायचं.”

श्यामसुंदररावांनी बाटली मागून घेतली आणि स्वतः दाबून पाहिली. “मग विश्वाची अशी बाटली सापडली आहे का?”

“अजून नाही,” ती म्हणाली. “अणूच्या गाभ्यात प्रोटॉन असतो. तीन बलं एक होती, तर तो कधीतरी मोडायला हवा. जमिनीखाली पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या ठेवून शास्त्रज्ञ वाट बघतायत. एकही मोडलेला दिसलेला नाही. म्हणून महाएकीकरण अजून सिद्ध झालेलं नाही.”

त्यांनी मान डोलावली. “पुढच्या वर्षी नारळ गेटवर फोडू,” ते म्हणाले आणि बाटली तिच्या हातात परत दिली. अगदी हळू.

मित्रांनो, बिघडले म्हणून एखादी वस्तू, एखादा प्रयोग किंवा एखादे मूल लगेच बाजूला सारू नका. आधी हातात घ्या, दाबून पाहा. ते काय सांगते ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सौरभ प्रयोगशाळेत आला. त्याच्याकडे सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. “अक्षता, जरा उचल इकडून,” तो म्हणाला. तिने माझा एक कोपरा उचलून धरला, आणि त्याने घडी माझ्या चौथ्या पायाखाली सारली.

आता माझ्या पोटात पुन्हा सहा बाटल्या आहेत. मोटर चालू आहे आणि मी थरथरत नाही. माझ्याजवळून जाल तेव्हा पावले हळू टाका. आत पाणी वाट पाहत आहे.