आतल्या चाकाची हवा

माणसानं कामात फार हुशार असू नये. हे मी चाळिशीला टेकल्यावर शिकलो, आणि शिकून काडीचा उपयोग झाला नाही.

मी नागोराव, मूळचा परभणीकडचा. सासष्ट साली बोईसरला कृष्णकांतशेठच्या ट्रकवर होतो. बेटेगावच्या बाजूच्या खाणीतून खडी भरायची आणि तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं तिथं नेऊन ओतायची. शेठचे अकरा ट्रक. रस्ता म्हणजे नुसते दगड, टायर असे फाटायचे की शेठ कपाळ बडवून घ्यायचा. बाकीचे ट्रक गॅलनला नऊ मैल द्यायचे, माझा बारा. सरकारनं लिटर आणून वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी गॅलनच.

त्यात जादूबिदू काही नव्हती हो. रोज निघायच्या आधी, टायर गार असताना, लाकडी मोगरीनं एकेक चाक ठोकायचं. खणकन वाजलं तर हवा पुरेशी, भद्द वाजलं तर कमी. मागं चाकं जोडीनं असतात. त्यातलं आतलं चाक बसलेलं डोळ्यांना दिसतच नाही, ते कानालाच कळतं. असं चाक रस्त्याला चिकटून ओढत चालतं, डिझेल पितं आणि जोडीदारालाही झिजवतं. दुसरं म्हणजे खाणीवर रांगेत उभं असताना इंजिन बंद करायचं. बाकीचे इंजिन चालू ठेवून बिड्या फुंकायचे, आणि वर मलाच चिक्कू म्हणायचे.

उन्हाळ्यात शेठनं मला सगळ्यांना शिकवायला लावलं. त्यातच पुंडलिक भेटला. हा किनाऱ्याकडचा कोळी, माझ्याच वयाचा. होडी फुटली तशी समुद्र सोडून ट्रकवर आला आणि सरावलीला आमच्याच चाळीत राहायला लागला. पहिल्याच महिन्यात त्यानं दोन टायर खाल्ले. शेठ त्याला हाकलायला निघाला होता. मी मध्ये पडलो, म्हटलं पंधरा दिवस माझ्याबरोबर द्या. कोळ्याचा कान, पाण्याखालचा खडक ओळखणारा. आठ दिवसांत चाकाची भाषा शिकला. तेव्हापासून मला गुरू म्हणायचा, मी कितीही ओरडलो तरी.

त्याच वर्षी प्रकल्पावर ड्रायव्हरच्या कायमच्या जागा निघाल्या. वर राहायला खोली, खोलीत नळ. वयाची अट चाळीस, आणि मला दिवाळीला चाळीस पुरी होत होती. सहा वर्षं माझी बायको राहीबाई गावाकडं आणि मी इथं. तिच्या हातची भाकरी वर्षातून पंधरा दिवस मिळायची, आणि निघताना ती दारात येऊन उभी राहायची. ही जागा मिळाली तर ती इथं येणार होती, नाही तर सगळा जन्म असाच जाणार होता. लायसन घेऊन जाऊन गाडी चालवून दाखवायची तारीख होती एक नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी दहा.

आता अडचण बघा. लायसन शेठच्या कपाटात. आमच्याकडं रीतच ती, नोकरीला लागला की लायसन शेठकडं जमा. हरवाल म्हणे. बांधकामाच्या रस्त्यावर विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून आम्हीही मुकाट देऊन टाकायचो. ऑक्टोबर लागल्यावर मी लायसन मागायला गेलो. शेठ पान चघळत हसला.

"नागोराव, बारा मैलवाल्याला कोण सोडतं? नऊवर या, मी स्वतः लायसन हातात देतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेठ थट्टेत बोलला असेल, पण मी ते शब्द धरून बसलो. रात्रभर डोक्यात तेच. नऊवर यायचं ना, येतो.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गाडी लावली की मी मागच्या दोन्ही आतल्या चाकांची हवा सोडायला लागलो. दिसायला काही नाही, गाडी ताठ उभी. सकाळी मोगरीला हात न लावता सरळ चढायचो. ते भद्द ऐकायची मला लाज वाटायची. वीस वर्षांत कधी असं केलं नव्हतं, लेकराच्या दुधात पाणी घातल्यासारखं वाटायचं. रस्त्यावर गाडी मला हलकीच लागायची. मी मनात म्हणायचो, काय करणार, हातच चांगला आहे आपला. एवढा शहाणा मी.

महिना संपला. सोमवारी संध्याकाळी मुनीमजींनी सगळ्यांसमोर आकडे वाचले. बाकीचे कोणी दहा, कोणी साडेदहा, पुंडलिक अकरा. सगळे सुधारले होते. आणि नागोराव, बारा. मला आधी वाटलं मुनीमजी चुकले. मग मी शेठच्या तोंडाकडेही न बघता निघालो. त्या रात्री जेवलो नाही.

मंगळवारी पहाटे उजाडायच्या आत उठून अड्ड्यावर गेलो. म्हटलं, या गाडीत भूत आहे की काय ते बघतोच. तर माझ्या ट्रकच्या मागं उकिडवा बसलेला पुंडलिक. आतल्या चाकाला हातपंप लावलेला, आणि हा घामानं निथळत हवा भरतोय. ट्रकच्या चाकात हातपंपानं हवा भरणं म्हणजे विहीर वाटीनं उपसणं. त्याचे तळवे सोलले होते. मला बघून तो दचकला, मग उठून जवळ आला आणि हळू आवाजात बोलला.

"कोनाला बोललो नाय मी. महिनाभर बघतोय, आतली दोन चाकं बसलेली, अन् तुमी न ठोकताच चढता. कान गेलाय ना तुमचा?"

तो सांगत राहिला. रोज पहाटे तो आधी माझी गाडी ठोकायचा, मग स्वतःची. शेठला कळलं तर गुरूला घरी बसवील, म्हणून लपून. आणि मग त्यानं कालचं सांगितलं. मी निघून गेल्यावर शेठनं कपाट उघडलं होतं. पोरं तयार झाली, आता नागोरावला अडवून काय करायचं, असं म्हणून माझं लायसन आणि चांगला दाखला काढून पुंडलिकच्या हातात दिला होता. एकाच चाळीत राहतो म्हणून, मला द्यायला.

"मी परत केलं," पुंडलिक म्हणाला. "तिथं डाक्टर कान तपासतो. ते तुमाला घेनार नाय, अन् हितली जागापन जाईल. शेठला म्हटलं, नागोरावांचं मन बदललंय."

शेठ कुठं आहे, मी विचारलं. शेठ रात्रीच्याच गाडीनं मुंबईला गेला होता. परत येणार शुक्रवारी. कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला.

मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्याचे सोललेले हात धरून रडावंसं वाटलं. खरं सांगायचं तर काय सांगणार होतो? की तू महिनाभर तळवे फोडून घेतलेस ते एका चोरासाठी? की मी गप्प बसलो असतो, रोजच्यासारखा चाक ठोकत राहिलो असतो, तर आज लायसन माझ्या खिशात असतं? आपलेच दात, आपलेच ओठ. तो माझ्या तोंडाकडं बघत उभा होता, काही चुकलं का म्हणून.

"हो रे," मी म्हटलं. "जरा कमीच ऐकू येतं."

त्याचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी तोंड आणून, बहिऱ्याशी बोलतात तसं मोठ्यानं म्हणाला, "काळजी करू नका. मी हाय तवर तुमाला हितून कोन हलवनार नाय."

दहा वाजता खडी घेऊन मी प्रकल्पाच्या गेटातून आत गेलो. डाव्या हाताला झाडाखाली माणसांची रांग होती, प्रत्येकाच्या हातात लायसन. माझ्या मागून पुंडलिकचा ट्रक येत होता. मी खडी ओतली आणि दुसरी खेप आणायला निघालो.