मंचेरियलच्या घरी

शुभांगी शिकायला आयर्लंडला गेली. दिवसा विद्यापीठातले वर्ग, संध्याकाळी एका हॉटेलात भांडी धुणं. दुसऱ्याच महिन्यात ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं.

तिथेच तेलुगू मुलखातल्या मंचेरियलची लावण्या काम करायची. ओळख आठ दिवसांची. दवाखान्यातून ती शुभांगीला सरळ आपल्या खोलीवर घेऊन आली. सहा आठवडे तिने तिला भात कालवून दिला, तिची वेणी घातली, ती सांगेल तसे तिचे निबंध टाइप केले. शुभांगीची जागा जाऊ नये म्हणून तिच्या पाळ्याही केल्या.

शिक्षण संपलं, तिकडेच नोकरी लागली. मग डिसेंबरात शुभांगी त्याच तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या जैनथला घरी आली आणि सारं आईला, सखूबाईंना, सांगितलं.

सखूबाईंनी विचारलं, "फोनवर काऊन नाई सांगितलं?"

"तू रडली असती."

"रडली असती त रडली असती. आता त्या पोरीच्या मायले भेटल्याबिगर मी तुले वापस जाऊ देत नाई."

दुसऱ्या दिवशी पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन मायलेकी मंचेरियलच्या बसमध्ये बसल्या. लावण्याचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला. घरी आई एकटीच होती. शुभांगीने शाळेत शिकलेल्या तेलुगूत, अडखळत, सगळं सांगितलं.

त्या माउलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेकीने अवाक्षर काढलं नव्हतं. तिने शुभांगीचं मनगट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"लावण्या वेणी घालायची?" तिने विचारलं. "तिला तर स्वतःचीही येत नव्हती. जायच्या दिवशीही मीच घालून दिली."

"पहिले चार दिवस वाकडीच यायची," शुभांगी म्हणाली आणि तेच आईला मराठीत सांगितलं. तिघीही हसल्या.

सखूबाईंनी हात जोडले. आभाराचे शब्द त्या रस्ताभर हिंदीत जुळवत आल्या होत्या, पण ऐनवेळी मराठीच तोंडी आली. "बाई, तुमच्या लेकीनं माह्या लेकीले सांभाळलं. मी तिथं पोचू शकत नव्हती."

शुभांगी तेलुगूत सांगायला गेली, तर लावण्याच्या आईने मान हलवून तिला थांबवलं. तिला कळलं होतं. ती उठली, चुलीवर भाताचं आधण ठेवलं आणि सखूबाईंना हाताला धरून आत नेलं. दोघी शेंगा सोलत बसल्या. परतीची बस निघून गेली, तरी कोणी उठलं नाही.