न प्यायलेला कप

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची किटली आहे. माझे अंग निळ्या एनॅमलचे असून त्यावर पांढरे शिंतोडे आहेत. तोटीजवळ थोडा टवका उडाला आहे आणि कडीची लाकडी मूठ दोनदा बदलली आहे. पण माझ्या बुडाला अजून भोक नाही. हे आधीच सांगते, कारण एकदा ते पडता पडता राहिले.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी आगगाडीने नॉर्थ डकोटात आले आणि गव्हाच्या मळणीवर स्वयंपाक करणाऱ्या ओल्गा नावाच्या बाईंच्या हाती पडले. त्या कॉफीत एक कच्चे अंडे फोडून घालत. अंड्याबरोबर सगळा गाळ खाली बसतो आणि वर सोनेरी, नितळ कॉफी राहते. आमच्याकडे चर्चच्या तळघरात आजही अशीच कॉफी होते. तुम्ही नाक मुरडाल, पण एकदा पिऊन बघा.

त्या काळी टॉल्बर्ट आणि किंबल या दोन गावांच्या कॉलेजांत फुटबॉलचा पहिला सामना झाला. आमचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून पळायचे आणि दुसऱ्याने त्याला आडवे पाडायचे. दोन गावांत अंतर चाळीस मैल. दिवस मंदीचे, जिंकणाऱ्यांना द्यायची ढाल घ्यायला कोणाकडेच पैसे नव्हते. थंडी अशी की पोरांची बोटे वळेनात. ओल्गाबाई मला घेऊन मैदानात आल्या आणि म्हणाल्या, "हरलेत ना? मग रडत काय बसलात! जिंकलेल्यांना कॉफी वाढा."

हरलेल्या कप्तानाने खाली मान घालून कॉफी वाढली, आणि तोच रिवाज पडला. हरलेल्यांनी वाढायचे, जिंकलेल्यांनी प्यायचे. शेवटचा कप जिंकलेल्यांच्या सामान सांभाळणाऱ्या माणसाचा, कारण चिखलाचे कपडे तो धुतो. तो प्यायला की मला उलटी करायची आणि पुढच्या वर्षीच्या सामन्यापर्यंत जिंकलेल्यांच्या स्वाधीन करायची. ओल्गाबाईंनी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला लाल रंगाने लिहून ठेवले आहे: 'किटली रिकामी होईपर्यंत सामना संपला नाही.'

पुढची नव्वद वर्षे मी या गावातून त्या गावात जात राहिले. संघ मोठे होत गेले, तसे कप लहान होत गेले. आता एकेकाच्या वाट्याला घोटभरच येते. सगळेच दिवस कौतुकाचे नव्हते. एकदा किंबलचे लोक जिंकल्याच्या आनंदात मला बसच्या पोटात विसरले आणि मी हिवाळाभर फाटक्या बुटांच्या संगतीत काढला. पण तक्रार करण्याइतके वाईट माझे काही झाले नाही. मला माणसे चांगली मिळाली.

त्यांतली दोन तुम्हाला सांगायलाच हवीत. टॉल्बर्टच्या संघाचे सामान लव्हॉनबाई सांभाळतात आणि किंबलचे आर्लिस. तीस वर्षांपूर्वी दोघे एकाच हंगामात कामाला लागले. दरवर्षी माझ्यावरून त्यांचे भांडण ठरलेले.

"लव्हॉन, यंदा कॉफीत कवचच जास्त दिसतंय. अंडं घातलंस की कोंबडी?"

"गप पी. तुमच्याकडून आली तेव्हा हिच्यातून साबणाचा वास येत होता. भांडी कशी धुतात, तेवढं तरी शिकवा तुमच्या कॉलेजात!"

असे ते बोलत, आणि मग किंबल जिंकले असले की आर्लिस शेवटचा कप चवीचवीने पीत.

मग टीव्हीचे पैसे आले. आमच्या देशात कॉलेजांचे संघ गटागटाने खेळतात. पूर्वी गट म्हणजे शेजारपाजार असे. टीव्हीवाले ज्या गटाला जास्त पैसे देऊ लागले, तिकडे मोठी कॉलेजे पळाली. त्यांच्या रिकाम्या जागा भरायला मागच्या गटांनी आणखी कोणाला ओढले. ही ओढाताण सरकत सरकत आमच्या गव्हाच्या मुलखापर्यंत आली. किंबलला समुद्रकाठच्या एका गटाने बोलावले. वर्षाला तीन कोटी डॉलर देऊ, म्हणाले. किंबलचे पोहण्याचे आणि धावण्याचे संघ पैशांवाचून बंद पडायला आले होते, ते या पैशांनी वाचणार होते. मी त्यांना नावे ठेवत नाही. पण नव्या गटाच्या वेळापत्रकात टॉल्बर्टला जागा नव्हती. चाळीस मैलांवरचे शेजारी सोडून किंबलची पोरे आता दोन हजार मैल विमानाने खेळायला जाणार होती.

शेवटचा सामना ठरला. त्या वर्षी मी टॉल्बर्टकडे होते. सामन्याच्या आदल्या दिवशी किंबलचे क्रीडा संचालक ट्रूसडेल मला बघायला आले. माणूस तरुण, उत्साही, बोलण्यात गोड. त्यांनी मला उचलून उलटी केली आणि बुडावर टिचकी मारली.

"आम्ही जिंकलो तर ही कायमची आमची. काचेचं कपाट तयार आहे, आत दिवेसुद्धा लावलेत. बुडाला इथं भोक पाडायचं आणि बोल्टने पक्की बसवायची. चोरीची भीतीच नको."

लव्हॉनबाईंचा चेहरा उतरला. "भोक पाडलं तर कॉफी कशी राहील हिच्यात?"

"आता कॉफी कशाला? पुढे सामनेच नाहीत."

मित्रांनो, मी चुलीवर बसलेली आहे, पण इतकी कधी भाजले नव्हते. त्या संध्याकाळी लव्हॉनबाईंनी मला आतून बाहेरून धुतले. धुता धुता म्हणाल्या, "पोरं खूप धावतील गं. पण त्यांचा संघ आपल्या दुप्पट आहे."

दुसऱ्या दिवशी टीव्हीचे कॅमेरे आले. ट्रूसडेलना आमचा रिवाज फार गोजिरवाणा वाटला होता. त्यांनी कॅमेऱ्यासमोर माझे झाकण उघडले आणि आतला लाल मजकूर साऱ्या देशाला मोठ्याने वाचून दाखवला. "किटली रिकामी होईपर्यंत सामना संपला नाही! ही आमची नव्वद वर्षांची परंपरा. आम्ही ती अक्षरशः पाळतो."

टॉल्बर्टची पोरे जिवावर उदार होऊन खेळली. पण तीन गुणांनी हरली.

मैदानाच्या मधोमध टेबल मांडले. टॉल्बर्टचा कप्तान डोळे पुसत मला तिरपी करत होता आणि किंबलची पोरे एकेक घोट घेत होती. त्यांतलीही काही रडत होती. मी हलकी होत चालले आणि माझा जीव बुडाशी गोळा झाला. शेवटी एकच कप उरला. आर्लिसनी तो हातात घेतला. कॅमेरा जवळ आला.

आर्लिसनी वास घेतला. मग माझे झाकण उघडले आणि तो कप अलगद माझ्यात परत ओतला.

"आज नको. पोट जरा बिघडलंय."

ट्रूसडेल हसत हसत पुढे झाले. "आर्लिस, अहो, एक घोट घ्या. सगळे बघताहेत."

"बघू देत की. डॉक्टर म्हणतात, पोट दुखत असताना कॉफी नको."

"मग मी पितो तुमच्या वाटणीचा."

"तुम्ही कपडे धुता का पोरांचे?"

अख्ख्या मैदानात हशा पिकला. ट्रूसडेलचा चेहरा लाल झाला. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले, माझ्या झाकणाकडे पाहिले. सकाळी स्वतःच वाचलेला नियम त्यांना गिळता येईना की टाकता येईना. किटली रिकामी नव्हती. सामना संपला नव्हता. म्हणजे मी अजून टॉल्बर्टचीच होते.

"मग कधी पिणार?" लव्हॉनबाईंनी विचारले.

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी सामना नाहीये, शहाण्या."

"कॉफी तर असेल ना?"

पुढच्या वर्षी त्याच शनिवारी किंबलचा संघ समुद्रकाठी खेळत होता आणि आर्लिस आपल्या खटारा गाडीतून टॉल्बर्टला आले. सोबत किंबलचे सात जुने खेळाडू होते. टॉल्बर्टचेही जमले. त्यांनी कॉफी प्यायली, जुन्या सामन्यांवरून यथेच्छ भांडण केले आणि शेवटचा कप आर्लिसनी माझ्यात परत ओतला. त्याच्या पुढल्या वर्षी माणसे साठ झाली.

तिसऱ्या वर्षी आर्लिसच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. शनिवारी ते आले नाहीत. लव्हॉनबाईंनी अंडे फोडले, मला भरले, पण सारखे लक्ष रस्त्याकडे. तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली आणि ट्रूसडेल उतरले.

"न्यायला आलात?" लव्हॉनबाईंनी मला जवळ ओढले.

ते रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. एकेक कप संपत गेला आणि शेवटचा त्यांच्यापुढे आला.

"हा सामानवाल्याचा आहे," लव्हॉनबाई हळूच म्हणाल्या.

"ठाऊक आहे. आर्लिस अंथरुणावर आहेत. महिनाभर पोरांचे कपडे मीच धुतोय." त्यांनी हात पुढे केले. साबणाने बोटे सोलली होती.

लव्हॉनबाईंनी कप दिला. आता अडवायला कोणी नव्हते. एक घोट, आणि मी कायमची किंबलची.

ट्रूसडेलनी वास घेतला. "अंडं घातलंय?"

"घातलंय."

"मस्त आहे," ते म्हणाले, आणि तो कप माझ्यात परत ओतला.

मित्रांनो, मी सर्वांची ऋणी आहे. ओल्गाबाईंची, लव्हॉनबाईंची, आर्लिसची, आणि हो, ट्रूसडेलचीही. तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे जुने भांडे असेल. ते प्रेमाने धुवा, पण काचेत ठेवू नका. त्यातून कोणाला तरी काहीतरी वाढा, शेजाऱ्याशी भांडण असेल तर त्याला आधी वाढा. लव्हॉनबाई आता अंडी आणायला गेल्या आहेत. उद्या यंदाचा तो शनिवार आहे, आणि आर्लिसचा गुडघा बरा झाला आहे.